डोंगरातल्या शिकारीसाठी हलकी रायफल: वजन नेमकं कुठून कमी करावं?

कडेकपारी

नमस्कार मंडळी,

उंच डोंगरात पायी फिरून करायच्या परवानाधारक शिकारीसाठी बोल्ट-ॲक्शन रायफल (बोल्ट हाताने मागे-पुढे ओढून काडतूस भरायची) घ्यायची आहे. प्राणी ४० ते १२० किलोंच्या दरम्यानचे. बहुतेक नेम २०० मीटरच्या आतले, क्वचित ३०० मीटर. पाऊस, बर्फ, धुकं सगळं धरून चाला.

सध्याची रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नम या जास्त दारूच्या, ताकदवान काडतुसाची आहे. नळी २६ इंची, दुर्बीण ५० मिमी भिंगाची. पट्टा आणि काडतुसांसकट काटा ४.७ किलो दाखवतो. दिवसभराच्या चढाला हे ओझं जड जातं.

कॅटलॉगात २.२ किलोपासून ३ किलोपर्यंतची प्रत्येक रायफल 'माउंटन' नावाने येते. त्यामुळे प्रश्न असे:

१. सगळं धरून वजन किती खाली आणावं? फार हलकी रायफल नेमाला वाईट, हे खरं का?
२. काडतूस तेच ठेवावं की बदलावं?
३. कार्बनची नळी, टायटॅनियमची ॲक्शन (नळीमागचा, बोल्ट बसतो तो भाग) यांचा खरोखर उपयोग होतो का?
४. मझल ब्रेक (धक्का कमी करायला नळीच्या तोंडाशी लावतात तो) लावावा का?

---

धारेवरचा

कॅटलॉगातला आकडा आधी बाजूला ठेवा. तो उघड्या रायफलचा असतो: दुर्बीण नाही, रिंगा (दुर्बीण धरणारी कडी) नाहीत, पट्टा नाही, मॅगझिन रिकामं. खांद्यावर येतं ते वजन वेगळंच असतं.

२.७ किलोची एक रायफल घ्या. तिच्यावर ८०० ग्रॅमची मोठी दुर्बीण, २२० ग्रॅमच्या पोलादी रिंगा आणि बेस, २५० ग्रॅमचा जाड गादीचा पट्टा, ४०० ग्रॅमचा बायपॉड (दोन पायांचा टेकू) आणि चार काडतुसांचे १०० ग्रॅम चढवा. झाली ४.४७ किलो. आता त्याच रायफलवर ३५० ग्रॅमची दुर्बीण, ७० ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या एकसंध रिंगा, १०० ग्रॅमचा साधा नायलॉनचा पट्टा आणि तीच चार काडतुसं ठेवा. बायपॉडऐवजी पाठीवरची सॅक टेकायला वापरा. ३.३२ किलो. १.१५ किलो वजन उतरलं आणि रायफलला हातही लावला नाही. म्हणून वजन कमी करायची सुरुवात दुर्बिणीपासून करावी. दर ग्रॅममागे सर्वांत कमी खर्च आणि सर्वांत कमी तोटा तिथेच आहे.

तुमच्या अंतरांना ५० मिमी भिंगाची गरज नाही. भिंगाच्या व्यासाला, दुर्बीण जितक्या पट मोठं दाखवते त्या आकड्याने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास मिळतो. ४० मिमी भिंग ८ पटीवर ५ मिमीचा झोत देतं, ३६ मिमी भिंग ६ पटीवर ६ मिमीचा. संधिप्रकाशात प्रौढ माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते, त्यामुळे त्याहून मोठा झोत वाया जातो. शिवाय ५० मिमीच्या भिंगाला उंच रिंगा लागतात. मग गाल दस्त्यावर नीट बसत नाही, डोकं अधांतरी राहतं आणि हलक्या रायफलीत नेमका तोच आधार हवा असतो.

३ ते ९ किंवा ३ ते १० पटीच्या, ४० मिमीच्या आसपासच्या चांगल्या दुर्बिणी ३४० ते ३७० ग्रॅममध्ये बसतात. २.५ ते ८ पटीची ३६ मिमी दुर्बीण सव्वातीनशेच्या आसपास आणि स्थिर ६ पटीची ३६ मिमी तर तीनशेच्याही खाली. ३०० मीटरपर्यंत ६ पट पुरते. ज्यांना नेमाच्या क्षणी कुठलीही तबकडी फिरवायची नसते त्यांनी स्थिर ६ पटीचा विचार जरूर करावा. तिच्यात भिंगं आणि हलणारे भाग कमी, म्हणून बिघडायलाही कमी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: भरलेली, पट्ट्यासकट ३.१ ते ३.४ किलो. उघडी रायफल २.५ ते २.८ किलोंची शोधा. टिक्का टी३एक्स लाइट साधारण २.९ किलोची आहे, म्हणजे थोडी वरच्या बाजूला, पण दुर्बीण हलकी ठेवली तर हिशेबात बसते.

---

नेमबाज_जुना

काडतुसाबद्दल मी लिहितो, कारण हलक्या रायफलीत सगळं तिथेच ठरतं.

धक्क्याचा हिशेब सोपा आहे. गोळीचं वस्तुमान गुणिले तिचा वेग, अधिक दारूचं वस्तुमान गुणिले वायूंचा बाहेर पडण्याचा वेग (सेकंदाला १२०० मीटर धरतात), हा झाला संवेग. त्याचा वर्ग करा आणि रायफलच्या वजनाच्या दुपटीने भागा. वजन खाली, म्हणजे धक्का त्याच प्रमाणात वर. ४ किलोंची रायफल ३ किलोंवर आणली की त्याच काडतुसाचा धक्का एक तृतीयांशाने वाढतो.

सगळं धरून ३.२ किलोची रायफल मानली तर नेहमीच्या भरणीत साधारण असे आकडे येतात (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक):

.२४३ विंचेस्टर, १०० ग्रेन: १२ ते १३ ज्यूल
६.५ क्रीडमूर, १४० ग्रेन: १८ ज्यूल
७ एमएम-०८ रेमिंग्टन, १४० ग्रेन: २० ज्यूल
.३०८ विंचेस्टर, १५० ग्रेन: २२ ज्यूल
.३०-०६, १६५ ग्रेन: २८ ज्यूल
.३०० विंचेस्टर मॅग्नम, १८० ग्रेन: ४० ज्यूल

तुमची आत्ताची .३००, ४.७ किलोमुळे २७ ज्यूलच्या आसपास देते. तेच काडतूस ३.२ किलोत घेतलंत तर ४० ज्यूल खांद्यावर येतील. नुसती ऊर्जाच नव्हे, रायफल मागे येण्याचा वेगही सेकंदाला ३.४ मीटरवरून ५ मीटरवर जातो. दुर्बिणीचं कडं भुवईवर आपटतं ते या वेगामुळे. चढावर झोपून वरच्या दिशेला नेम धरला असेल तर डोळा दुर्बिणीच्या आणखी जवळ सरकलेला असतो.

उलट .३०८ हलक्या रायफलीत घेतलीत तरी धक्का तुमच्या आजच्या रायफलपेक्षा कमीच राहील. वजन दीड किलोने उतरलं आणि धक्काही उतरला, असं फक्त काडतूस बदलल्यावरच होतं.

३०० मीटर आणि १२० किलो या मर्यादेत मॅग्नमची गरज नाही. ६.५ क्रीडमूर आणि .३०८ दोन्ही ३०० मीटरवर २००० ज्यूलच्या आसपास ऊर्जा पोचवतात. ७ एमएम-०८ मला या कामासाठी सर्वांत समतोल वाटतं. १९८० पासून ते बाजारात आहे, .३०८ च्याच कवचाची मान अरुंद करून बनवलेलं. मात्र दुकानात त्याच्या गोळ्यांची निवड .३०८ आणि ६.५ पेक्षा कमी असते. जिथे शिकार करणार तिथल्या दुकानांत काय मिळतं ते बघूनच ठरवा. प्रवासात काडतुसं हरवली किंवा उशिरा पोचली तर .३०८ मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त.

.२४३ चा धक्का सुखद आहे, पण १२० किलोंच्या प्राण्याला ते काठावरचं काडतूस आहे. गोळी जिथे जायला हवी तिथेच गेली तर ठीक. खांद्याच्या हाडाला तिरकी लागली तर आतपर्यंत पोचेल याची खात्री नाही. प्राण्याला जखमी अवस्थेत पळू द्यायचं नसेल तर हाताशी थोडी जास्तीची ताकद असावी.

दोन गोष्टी खरेदीआधी बघा. पहिली, त्या प्रदेशाचा कायदा. अनेक ठिकाणी प्राण्यानुसार गोळीचा किमान व्यास, वजन किंवा १०० मीटरवरची ऊर्जा ठरवलेली असते. दुसरी, शिशाच्या गोळीला बंदी आहे का. तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते आणि लांब गोळीला स्थिर राहायला नळीत जास्त पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा) लागतो. ६.५ क्रीडमूरला ८ इंचांत एक फेरा असतो, तो पुरतो. .३०८ ला १० इंचांचा घ्या, १२ चा टाळा. तांब्याची गोळी एक पायरी हलकी निवडा, .३०८ मध्ये १५० किंवा १३० ग्रेन, म्हणजे वेग टिकतो आणि लांबच्या अंतरावरही गोळी नीट उमलते.

---

लोहारकाम

नळी, ॲक्शन आणि दस्ता यांबद्दल.

कार्बनची नळी हलकी असते हा समज अर्धाच खरा आहे. आत पातळ पोलादी नळी असते आणि तिच्यावर कार्बन तंतू गुंडाळलेले असतात. तेवढ्याच जाडीच्या पोलादी नळीपेक्षा ती नक्कीच हलकी. पण तोंडाशी १४ मिमी व्यासाच्या बारीक पोलादी नळीशी तुलना केलीत तर कार्बनची नळी तेवढीच भरते, कधी जास्तही. तिचा खरा फायदा ताठरपणाचा आहे. तोंडाशी सायलेन्सर लावणार असाल, किंवा एका बैठकीत बरेच बार काढणार असाल तर ती घ्या. एक-दोन बारांच्या डोंगरी शिकारीला बारीक पोलादी नळी पुरेशी आहे.

नळीवर उभ्या खाचा पाडून जाड नळीचे शंभरेक ग्रॅम कमी होतात. बारीक नळीवर खाच पाडायला धातूच उरलेला नसतो, तिथे ती फक्त शोभा.

लांबी २० ते २२ इंच ठेवा. .३०८ सारख्या काडतुसात दर इंचाला सेकंदाला ६ ते ९ मीटर वेग जातो. म्हणजे २४ वरून २० वर आलात तर ३० मीटरच्या आसपास; ३०० मीटरवर त्याने काही बिघडत नाही. मॅग्नममध्ये मात्र दारू जास्त आणि मंद जळणारी, त्यामुळे आखूड नळीत वेग जास्त जातो, तोंडाशी झोत आणि आवाज वाढतो. हलकी, आखूड नळीची मॅग्नम म्हणजे तिन्ही बाजूंनी तोटा.

टायटॅनियमची घनता ४.५, पोलादाची ७.८. त्यामुळे ॲक्शनमध्ये दीडशे ते दोनशे ग्रॅम वाचतात. बोल्ट बहुधा पोलादीच राहतो. टायटॅनियमचा स्वभाव घासल्यावर चिकटण्याचा आहे, म्हणून बोल्टच्या लगवर (ॲक्शनमध्ये अडकणाऱ्या दातांवर) ग्रीसचा पातळ थर सतत हवा. कोरडी चालवली तर बोल्ट उचलताना करकर जाणवते आणि पृष्ठभाग ओरबाडला जातो. एवढे सांभाळायला तयार असाल तरच घ्या.

दस्त्यात जास्त हाताला लागतं. अक्रोडाचा दस्ता किलोभर किंवा थोडा वर, साच्यातला प्लास्टिकचा ९०० ग्रॅमच्या आसपास, कार्बनचा ६०० ते ७००. शिवाय कार्बनचा दस्ता पाण्याने फुगत नाही आणि पुढचा भाग वाकत नाही. रायफलीवर एकच मोठा खर्च करायचा असेल तर दस्त्यावर करा, ॲक्शनवर नको.

आणि छोटी ॲक्शन घ्या. .३०८ ची पूर्ण लांबी ७१ मिमी, .३०-०६ ची ८५ मिमी. लांब ॲक्शनसाठी जास्तीचा धातू आणि जास्त लांब बोल्ट विनाकारण वाहावा लागतो.

---

हिमरेषा

धारेवरचा यांच्या ३.१ किलोच्या खालच्या मर्यादेशी मी सहमत नाही. किंबर माउंटन असेंटसारखी २.२ किलोची रायफल ३५० ग्रॅमच्या दुर्बिणीसकट भरून २.८ वर राहते. रोज हजार-दीड हजार मीटर चढ असेल तर हा अर्धा किलो पायांना कळतो, आणि दमलेल्या छातीने धरलेला नेम कुठल्याही रायफलीत हलतोच. ६.५ क्रीडमूरमध्ये २.८ किलोला धक्का २० ज्यूल, म्हणजे त्रास नाही. बारीक नळीचा पहिला थंड बार जिथे हवा तिथेच जातो. डोंगरात लागतो तो तेवढाच.

---

धारेवरचा

@हिमरेषा, पहिल्या बाराबद्दल पूर्ण सहमत. माझा मुद्दा चापाचा आणि तोलाचा आहे. २.८ किलोच्या रायफलीवर चाप २.५ किलोचा असेल तर बोटाची ताकद रायफलच्या वजनाएवढी होते आणि ओढताना नळीचं तोंड हमखास सरकतं. चाप १ ते १.३ किलोवर स्वच्छ, न घसटता सुटणारा मिळाला तर तुमची हलकी रायफल चालेल. पण हातमोजे घालून ९०० ग्रॅमच्या खाली जाऊ नये.

तोलाचंही तसंच. सगळं वजन नळीतून काढलं की रायफल मागे जड होते आणि उभ्याने किंवा बसून धरल्यावर तोंड भिरभिरतं. मॅगझिनच्या पुढच्या स्क्रूखाली बोट ठेवून रायफल तोलून बघा. ती तिथे किंवा किंचित पुढे तोलली पाहिजे. पाच-पन्नास ग्रॅम वाचवायला नळी १८ इंचांवर आणली की हा तोल जातो.

---

कडेकपारी

फार उपयोगाचं. काडतूस .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर, छोटी ॲक्शन, बारीक नळी, इथपर्यंत मन पक्कं झालं. कार्बनचा दस्ता सुरुवातीला झेपणार नाही, त्यामुळे कारखान्यातून प्लास्टिकच्या दस्त्यासकट येणारीच घेईन.

दोन शंका. अशा दस्त्याचा पुढचा भाग नळीला टेकतो असं वाचलं, ते कसं तपासायचं? आणि बारीक नळीचा तिसरा बार वर सरकतो म्हणतात, तो दोष कशाचा?

---

लोहारकाम

आधी बोल्ट उघडा, मॅगझिन काढा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करा. मग कागदाची पट्टी नळीखाली घालून दस्त्याच्या टोकापासून ॲक्शनच्या पुढपर्यंत सरकवा. मोकळी सरकली तर पहिली पायरी झाली. आता रायफल सॅकवर किंवा बायपॉडवर टेकवून वरून नेम धरल्यासारखा भार द्या आणि पट्टी पुन्हा सरकवा. अडकली तर भाराखाली दस्ता वाकून नळीला टेकतोय. पट्टा हातावर ताणून धरल्यावरही तसंच तपासा. तेव्हा टोक बाजूला वळतं. मऊ दस्त्यात टेबलावरचा नेम आणि डोंगरातला नेम वेगळा पडतो, त्याचं हे मुख्य कारण.

उपाय म्हणजे दस्त्याच्या खोबणीत गोल दांड्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घासून चहूबाजूंनी दोन मिमी फट करणे. फक्त एक सांभाळा: काही रायफलींत दस्त्याच्या टोकाशी मुद्दाम उंचवटा ठेवलेला असतो, तो नळीला वर दाबून धरतो. तो दाब काढल्यावर नेम सुधारेलच असं नाही. आधी निशाण्यावर बघा, मग घासा. न्यू अल्ट्रा लाइट आर्म्सच्या मेल्विन फोर्ब्ज यांनी तर हलक्या रायफलींत पूर्ण लांबीभर नळी दस्त्याला टेकवूनच बसवली आणि त्या अचूक चालतात, कारण त्यांचा दस्ता ताठ आहे आणि स्पर्श सगळीकडे सारखा. घोळ होतो तो कधी टेकणाऱ्या, कधी न टेकणाऱ्या नळीत.

तिसऱ्या बाराचं कारण शोधायला दोन कागद लावा. पहिल्यावर तीन बार, प्रत्येकामध्ये पाच मिनिटं, बोल्ट उघडा ठेवून. दुसऱ्यावर तीन बार सलग. पहिला कागद घट्ट आणि दुसरा पसरलेला असेल तर ती उष्णता. बारीक नळी तापली की आतल्या ताणामुळे वाकते. शिकारीसाठी त्याची काळजी नको. पहिला कागदही पसरला तर स्क्रू, रिंगा किंवा दस्त्यातली बैठक बघा.

स्क्रू टॉर्क पान्यानेच आवळा. दुर्बिणीच्या रिंगांना १.७ ते २.३ न्यूटन-मीटर. ॲक्शनच्या स्क्रूंना नुसत्या प्लास्टिकवर ४ ते ५, आत ॲल्युमिनियमचे खांब असतील तर ६ ते ७. निर्मात्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. तीन स्क्रूंच्या जुन्या रचनेत मधला फक्त टेकवायचा. तो आवळला की ॲक्शन वाकते आणि बोल्ट जड चालतो. आवळण्याआधी रायफल उभी धरून दस्ता जमिनीवर हलकेच टेकवा, म्हणजे ॲक्शनखालच्या लगची (धक्का दस्त्याला देणाऱ्या दाताची) मागची बाजू खोबणीला चिकटून बसते. ती फट राहिली तर प्रत्येक बाराला ॲक्शन थोडी मागे सरकते आणि गोळ्या दोन ठिकाणी गट करतात.

---

नेमबाज_जुना

हलक्या रायफलीचा नेम बसवणं वेगळं असतं, म्हणून सविस्तर लिहितो. जड रायफल पिशव्यांवर मोकळी सोडून नुसता चाप ओढला तरी चालतो. हलकी रायफल गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच उसळायला लागते, त्यामुळे ती दर वेळी सारखीच धरली पाहिजे. डावा हात पुढच्या भागावर, पिशवीच्या जरा मागे, हलका दाब खाली आणि मागे. खांदा दर वेळी त्याच जागी. पिशवी ॲक्शनच्या पुढच्या तीन-चार इंचांखाली हवी, दस्त्याच्या टोकाखाली नको. नळी तर कशालाच टेकता कामा नये. पट्ट्याची कडी पिशवीवर घासली तरी गोळी वर जाते.

आधी २५ मीटरवर कागदात आणा, मग १०० मीटरवर जा. दुर्बिणीची तबकडी मिल किंवा एमओए या कोनाच्या मापांत सरकते: ०.१ मिलची एक टिक १०० मीटरवर १ सेंमी सरकवते, पाव एमओएची टिक ७ मिमी. तीन बारांच्या मध्यावरून दुरुस्ती करा, एका बारावरून नाही.

.३०८ मध्ये १५० ग्रेन किंवा ६.५ मध्ये १४० ग्रेन असेल तर १०० मीटरवर ४ ते ५ सेंमी वर लावा. १८० मीटरच्या आसपास गोळी रेषेवर येते, २५० वर १२ ते १४ सेंमी खाली आणि ३०० वर साधारण ३० सेंमी खाली. हे आकडे सुरुवातीपुरते. तुमची नळी आणि तुमची काडतुसं घेऊन २०० आणि ३०० वर प्रत्यक्ष बार काढल्याशिवाय त्या अंतरावर प्राण्यावर नेम धरू नका.

तीव्र उतारावर सरळ रेषेतलं अंतर धरायचं नसतं, आडवं अंतर धरायचं. ३० अंशांच्या चढावर किंवा उतारावर ३०० मीटर दिसत असेल तर २६० चा नेम लावा. हे विसरलं की गोळी पाठीवरून जाते.

१०० मीटरवर तीन बार ४ सेंमीत आले की रायफल पुरेशी अचूक आहे. ३०० वर ते १२ सेंमी होतात आणि या आकाराच्या प्राण्यांचा मर्मभाग २० सेंमीच्या आसपास असतो. उरलेले ८ सेंमी तुमच्या धापेला आणि वाऱ्याला. म्हणून काडतुसं टेबलावर संपवण्यापेक्षा बसून, सॅकवर आणि काठीच्या आधाराने बार काढा.

---

हिमरेषा

मझल ब्रेकचं राहिलं. .३०८ किंवा ६.५ ला नको. धक्का तो ३० ते ५० टक्के कमी करतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकतो. शेजारच्या सोबत्याचे कान उघडे असतील तर एका बाराने कायमची इजा होऊ शकते. झोपून बार काढला तर समोरचं बर्फ किंवा धूळ दुर्बिणीसमोर उडते आणि गोळी लागली का ते दिसत नाही. त्याऐवजी मऊ, २५ मिमीचं रबरी पॅड आणि सरळ कण्याचा (वरची कड नळीच्या रेषेत असलेला) दस्ता बघा. कान झाकणं तर ब्रेक नसतानाही हवंच.

हवामानाबद्दल. स्टेनलेस पोलादही गंजतं, फक्त उशिरा. पाणी साठतं ते दस्त्याच्या खोबणीत नळीखाली, आणि तिथे कोणी बघत नाही. ओल्या दिवसानंतर दस्ता काढून पुसा आणि मग ठरलेल्या टॉर्कला परत आवळा. नळीच्या तोंडावर विजेच्या कामाची चिकटपट्टी एकेरी लावा. पाणी, बर्फ, चिखल आत जात नाही आणि बाराच्या वेळी पुढे ढकलली जाणारी हवाच ती फाडते, नेमावर परिणाम होत नाही. नळीत बर्फ अडकलेला असताना बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते. बारीक नळीत धातू कमी असल्याने हा धोका गांभीर्याने घ्या.

उणे तापमानात बोल्टमधलं तेल घट्ट होतं, फायरिंग पिन मंद चालते आणि काडतूस पेटत नाही. बोल्ट उघडून सगळं तेल धुवून काढा आणि कोरडं वंगण वापरा. टायटॅनियमची ॲक्शन असेल तर तिच्या लगवर थंडीत न गोठणारं ग्रीस राहू द्या. रात्री रायफल उबदार खोलीत नेऊ नका. बाहेरून आत आली की दव साचतं, सकाळी तेच गोठतं. बाहेर झाकून ठेवा, बोल्ट मात्र कायद्याप्रमाणे वेगळा आणि कुलपात.

सेफ्टी दुकानातच बघा. काहींत सेफ्टी लावल्यावर बोल्टही बंद राहतो. झुडपात हँडल अडकून बोल्ट उघडत नाही, हा फायदा. पण मग चेंबर रिकामं करायला सेफ्टी काढावी लागते, तेव्हा तोंड सुरक्षित दिशेलाच हवं. तीन टप्प्यांच्या सेफ्टीत मधल्या टप्प्यावर चाप बंद आणि बोल्ट मोकळा, त्यामुळे रिकामं करणं जास्त सुरक्षित. विंचेस्टर मॉडेल ७० आणि किंबरमध्ये ती असते. चढताना चेंबर रिकामंच. काडतूस फक्त मॅगझिनमध्ये.

---

कडेकपारी

ठरलं मग. .३०८, २२ इंची स्टेनलेस नळी, २.५ ते ८ पटीची ३६ मिमी दुर्बीण, एकसंध ॲल्युमिनियमच्या रिंगा, साधा पट्टा. हिशेबाने ३.३ किलो येतंय. रिंगा सर्वांत कमी उंचीच्या मागवू ना?

---

धारेवरचा

मागवण्याआधी दोन मापं घ्या. बोल्ट पूर्ण वर उचलल्यावर हँडल आणि दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भागामध्ये हातमोज्यातलं बोट जाईल एवढी फट हवी. ३६ मिमी भिंग नळीला अडत नाही, हँडल मात्र मागच्या भागाला अडतं, आणि घाईत दुसरं काडतूस भरताना अंगठा तिथेच सापडतो. दुसरं म्हणजे दुर्बिणीपासून डोळ्याचं अंतर. किमान ९० मिमी देणारी दुर्बीण निवडा आणि जाड जॅकेट घालून, झोपून, वरच्या दिशेला नेम धरून ती पुढे-मागे सरकवत बसवा. आखूड दुर्बिणीची नळी रिंगांच्या मध्ये अडकते आणि हवी तेवढी पुढे जातच नाही, तेव्हा रिंगांमधलं अंतर आणि दुर्बिणीचा सरळ भाग आधी पट्टीने मोजून घ्या.